एका साच्याच्या होड्या : क्रोम, एज, ब्रेव्ह आणि त्यांच्या तळाशी असलेले क्रोमियम

२०२४ च्या जुलै महिन्याच्या अखेरीस, मासेमारीबंदी उठायला दोन दिवस उरले असताना, मालवणात माझ्या भाच्याच्या सेवा केंद्रावर एक वयस्कर तांडेल होडीसंबंधीचा अर्ज भरायला आले होते. ज्या संकेतस्थळावर तो भरायचा होता त्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. पण जिल्हा निवडला की खालच्या रकान्यात तालुक्यांची यादी यायला हवी, ती त्या दिवशी येत नव्हती. पंधरवड्यापूर्वी याच संगणकावरून असेच दोन अर्ज बिनबोभाट गेले होते. भाच्याने क्रोम बंद करून एज उघडले, तेही तसेच वागले म्हणून ब्रेव्ह उघडले, आणि तिसऱ्यांदाही रकाना रिकामाच राहिला तेव्हा तो म्हणाला, "काका, तीनय उघडून बघलंय. सायटच बंद आसा." संकेतस्थळ मात्र बंद नव्हते. कोपऱ्यातल्या जुन्या लॅपटॉपवर कोल्ह्याच्या चित्राचे फायरफॉक्स होते. त्यात सिंधुदुर्ग निवडताच आठही तालुके ओळीने उभे राहिले आणि दहा मिनिटांत अर्ज भरून झाला.

भाच्याच्या तर्कात वावगे काहीच नव्हते. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या तीन ब्राउझरांनी एकच रड सांगितली तर कोणीही संकेतस्थळालाच दोष देईल. पण येथे साक्षीदार तीन नव्हतेच. एकाच साक्षीदाराने तीन वेळा सदरा बदलून दिलेली ती साक्ष होती. गुगलचे क्रोम, मायक्रोसॉफ्टचे एज आणि ब्रेव्ह हे तिन्ही ब्राउझर क्रोमियम नावाच्या एकाच ओपन सोर्स प्रकल्पावर उभे आहेत, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही पाहता, घेता आणि बदलता येतो अशा प्रकल्पावर. ओपेरा, विवाल्डी आणि सॅमसंगच्या फोनवरचे सॅमसंग इंटरनेट हेही त्याच पंगतीतले. त्यामुळे ब्राउझर बदलल्यावर नेमके काय बदलते आणि काय जागच्या जागी राहते, हे एकदा नीट समजून घेतलेले बरे.

ब्राउझर ही पाहायला एक वस्तू असली तरी तिचे दोन भाग मानता येतात. वरचा भाग आपल्या ओळखीचा असतो : पत्ता लिहिण्याची पट्टी, टॅब, खुणा करून ठेवलेली पाने, जपून ठेवलेले पासवर्ड, आणि फोनवरचे सारे संगणकावर आणून देणारी सोय. खालच्या भागाला इंजिन म्हणतात. संकेतस्थळाकडून आपल्याकडे तयार पान येत नसते. येतो तो मजकूर आणि त्याच्यासोबतच्या सूचना. हा मथळा, हे चित्र, हे बटण निळे, हे दाबल्यावर अमुक करावे, अशा त्या सूचना असतात. इंजिन त्या वाचून वंशावळीसारखी एक मांडणी तयार करते, प्रत्येक घटकाला रंगरूपाचे नियम लावते, कोणाची रुंदी-उंची किती याचा हिशेब करते आणि मग पडद्यावरचे ठिपके रंगवते. क्रोमियममधल्या या इंजिनाचे नाव ब्लिंक. पानातले छोटे प्रोग्रॅम, म्हणजे जावास्क्रिप्ट, चालवण्याचे काम व्ही८ नावाचे दुसरे यंत्र करते. फायरफॉक्सचे इंजिन गेको आणि ॲपलच्या सफारीचे वेबकिट. आज रोजच्या वापरात असलेली मोठी इंजिने एवढीच तीन.

इंजिनाचे काम किती बारीक असते हे पाहायला 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द पुरेत. एकाचा अर्थ समुद्र, दुसरा दरीचे अनेकवचन, आणि कोकणात दोन्ही एका दिवसाच्या चालीवर आहेत. संगणकापर्यंत पहिला शब्द पोहोचतो तो द, र, हलन्ताची खूण, य आणि काना अशा पाच सांकेतिक क्रमांकांच्या रूपाने. दुसऱ्या शब्दात र च्या जागी नुक्ता असलेला ऱ येतो, बाकीचे चार तसेच्या तसे. तेवढ्या फरकावरून पहिल्या शब्दात य च्या डोक्यावर रफार चढवायचा आणि दुसऱ्यात य च्या पुढ्यात पापणीसारखा वाकडा अर्धा र जोडायचा, हे फाँटमधले नियम वाचून कोणीतरी ठरवावे लागते. क्रोमियममध्ये ते ठरवतो हार्फबझ नावाचा एक ओपन सोर्स घटक, आणि गंमत म्हणजे फायरफॉक्समध्येही तोच. इंजिने वेगळी असली तरी काही खिळे-मोळे एकाच दुकानातले असतात. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

आता साच्याकडे वळू. लाकडी होडी मेस्त्री फळीला फळी जोडून घडवतो, त्यामुळे एकाच मेस्त्रीच्या हातच्या दोन होड्याही हुबेहूब सारख्या होत नाहीत. फायबरच्या होडीचे तसे नाही. खाडीकाठच्या शेडमध्ये होडीच्याच आकाराचा एक मोठा साचा पडलेला असतो. त्याला आतून मेण घासून गुळगुळीत करतात, मग रंगीत जेलकोटचा हात देतात, त्यावर काचतंतूची मॅट अंथरून रेझिनमध्ये भिजवतात, रोलर फिरवून आतली हवा काढतात, असे थरावर थर चढवतात आणि सुकल्यावर अख्खे कवच साच्यातून उचलून बाहेर काढतात. पुढे एक मालक तिला निळा रंग देतो, दुसरा पिवळा. कोणी नाळेवर कुलदेवतेचे नाव लिहितो, कोणी नातीचे. कोणी मागे मोठे मशीन बसवतो, कोणी छोटे. पाण्याच्या वर सगळे निराळे दिसते. पाण्याखालचा तळ मात्र एकच असतो, आणि साच्यात कोठे उंचवटा राहून गेला असेल तर तो प्रत्येक होडीच्या पोटाला येतो. क्रोमियम हा असा साचा आहे. ही उपमा एका ठिकाणी तोकडी पडते, तेही सांगायला हवे. होडी साच्यातून एकदा निघाली की तिचा साच्याशी संबंध संपतो; ब्राउझरचा संपत नाही. क्रोमियमच्या मोठ्या आवृत्त्यांमधले अंतर २०२१ साली सहा आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आणले गेले, आणि दर वेळी साऱ्या ब्राउझरांना आपला रंग, आपले नाव आणि आपली डागडुजी नव्या तळावर पुन्हा चढवावी लागते.

हा साचा गुगलने शून्यातून घडवलेला नाही. तयार होडीवरूनच नवा साचा काढून घेता येतो, तसा प्रकार येथे दोनदा घडला. १९९८ साली लिनक्ससाठी केडीई नावाचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रोग्रॅमरांच्या समूहाने केएचटीएमएल नावाचे एक लहानसे, नेटके इंजिन लिहायला घेतले. ॲपलने ते उचलले, त्यावरून वेबकिट घडवले आणि २००३ च्या जानेवारीत सफारीबरोबर जगासमोर आणले. पुढे गुगलला ब्राउझर काढायचा होता तेव्हा त्यांनी वेबकिट घेतले, त्याला आपले व्ही८ जोडले आणि २ सप्टेंबर २००८ रोजी क्रोम आणि क्रोमियम एकाच दिवशी खुले केले. ॲपल आणि गुगल पाच वर्षे एकाच वेबकिटवर काम करत राहिले. मग एप्रिल २०१३ मध्ये गुगलने वेगळी चूल मांडल्याचे जाहीर केले आणि त्या फाट्याला ब्लिंक हे नाव दिले.

या वंशावळीचा पुरावा तुमचा ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला रोज देत असतो. कोणतेही पान मागताना ब्राउझर आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो. क्रोमची ओळ मध्ये थोडी गाळून देवनागरीत लिहिली तर अशी दिसेल : मोझिला/५.०, ॲपलवेबकिट/५३७.३६ (केएचटीएमएल, लाइक गेको), क्रोम, सफारी/५३७.३६. एका ब्राउझरने पाच जणांची नावे सांगायची, हा प्रकार ग्रामदेवतेच्या गाऱ्हाण्यात बारा पाचांची नावे घेण्यासारखा आहे, पण त्यामागे भक्ती नसून धूर्तपणा आहे. नव्वदच्या दशकात चांगली पाने फक्त नेटस्केप या तेव्हाच्या ब्राउझरला द्यायची आणि इतरांना साधी, अशी संकेतस्थळांची रीत होती, आणि नेटस्केप स्वतःला मोझिला म्हणवत असे. मग इंटरनेट एक्सप्लोररनेही मोझिला म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पुढे गेकोला चांगली पाने मिळू लागली तेव्हा केएचटीएमएलने 'गेकोसारखा' असे जोडले, सफारीने ती ओळ वारशाने घेतली आणि क्रोमने सफारीचे नाव मागे चिकटवले. आज एजची ओळख सांगतानाही हे सारे पूर्वज आधी येतात आणि एजचे नाव अगदी शेवटी.

एवढ्या मेहनतीचा माल फुकट का वाटायचा, हा प्रश्न रास्त आहे. क्रोमियमचा बराचसा कोड बीएसडी नावाच्या अतिशय सैल परवान्याखाली आहे : मूळ हक्काची सूचना ठेवा आणि मग कोड घेऊन काय हवे ते करा, हवे तर स्वतःची भर गुलदस्त्यात ठेवा. केएचटीएमएलकडून आलेल्या भागांचा परवाना थोडा कडक आहे. त्या भागांत केलेले बदल वाटताना उघड करावे लागतात. यावरून एक गैरसमज दूर व्हावा. ओपन सोर्स साच्यावरचा प्रत्येक ब्राउझर स्वतः ओपन सोर्स असतोच असे नाही. एज आणि ओपेरा पूर्णपणे उघडे नाहीत. विवाल्डीने आपला दर्शनी भाग झाकून ठेवला आहे. ब्रेव्हचा कोड उघडा आहे. खुद्द क्रोमही क्रोमियमसारखे तंतोतंत नाही. गुगलचे नाव-चिन्ह, संरक्षित चित्रपट दाखवणारे वाइडवाइन, काही पेटंटयुक्त व्हिडिओ-ध्वनी प्रकारांची सोय आणि गुगल खात्याशी जुळवणी ही क्रोमची भर. मार्च २०२१ पासून ती जुळवणी गुगलने इतर क्रोमियमवाल्यांसाठी बंद केली. साचा सर्वांचा, पण मागचे मशीन ज्याचे त्याचे.

गुगलचा फायदा उघड आहे. वेब जितके वेगवान आणि सोयीचे, तितका शोध आणि तितक्या जाहिराती. इतरांचा फायदाही तेवढाच सरळ आहे, कारण क्रोमियममध्ये काही कोटी ओळींचा कोड आहे आणि इंजिन एकदा लिहून भागत नाही, ते जन्मभर पोसावे लागते. नॉर्वेच्या ओपेराचे प्रेस्टो नावाचे स्वतःचे उत्तम इंजिन होते. २०१३ साली त्यांनी ते सोडले. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०१८ मध्ये हार मानली आणि क्रोमियमवरचे एज १५ जानेवारी २०२० रोजी आणले. जगातल्या सर्वांत श्रीमंत कंपन्यांपैकी एकीला स्वतःचे इंजिन चालवणे जड जावे, याचे कारण पैसा नव्हते. संकेतस्थळे बनवणारे फक्त क्रोममध्ये तपासून पाहत, त्यामुळे मायक्रोसॉफ्टचे इंजिन नियमांप्रमाणे वागले तरी पाने मोडत आणि दोष एजच्या माथी येई. तेथे बसलेले इंजिनिअर आता क्रोमियममध्येच भर घालतात, आणि त्या भरीचा लाभ क्रोमलाही होतो.

मग साच्यात काय बदलायचे हे ठरवते कोण? कागदोपत्री भर कोणीही घालू शकतो. प्रत्यक्षात बहुतेक काम गुगलचे कर्मचारी करतात आणि दिशाही बहुतांशी तेच ठरवतात. एक कंपनी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. २०२१ च्या मार्चमध्ये गुगलने फ्लॉक नावाचा प्रयोग सुरू केला. ब्राउझरने तुमचा वावर पाहून तुम्हाला समान आवडीच्या लोकांच्या एका गटात टाकायचे आणि जाहिरातदाराला गटाचा क्रमांक द्यायचा, अशी ती कल्पना होती. चाचणी झालेल्या देशांत भारतही होता. ब्रेव्ह आणि विवाल्डी यांनी आपल्या ब्राउझरमधून तो भाग सरळ काढून टाकला. जानेवारी २०२२ मध्ये गुगलनेही फ्लॉक गुंडाळले. हे झाले साच्यातला एक तुकडा कापून काढणे, आणि ते सोपे असते.

दुसरे उदाहरण उलट दिशेचे आहे. जाहिराती रोखणारी एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम, ज्या जुन्या पद्धतीवर चालत, ती मॅनिफेस्ट व्ही२ पद्धत गुगलने २०२४-२५ मध्ये क्रोममधून टप्प्याटप्प्याने काढली आणि तिच्या जागी व्ही३ आणली, ज्यात एक्स्टेन्शनला प्रत्येक मागणी स्वतः तपासून अडवता येत नाही, आधी दिलेल्या नियमांवर भागवावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. पण नामांकित जाहिरातरोधक लंगडे झाले, हेही खरे. साच्यातून जे काढून टाकले ते आपल्या होडीत टिकवायचे म्हटले, तर दर आवृत्तीला तो भाग हाताने पुन्हा बसवावा लागतो आणि दर वेळी सांधा अधिक अवघड होत जातो. लहान कंपनीला ते फार काळ झेपत नाही. ब्रेव्हला त्याची झळ कमी लागली, कारण त्यांचा जाहिरातरोधक एक्स्टेन्शन नसून ब्राउझरमध्येच विणलेला आहे. वेगळ्या इंजिनाच्या फायरफॉक्सने जुनी पद्धतही चालू ठेवली.

आमच्या तांडेलांच्या अर्जाचे कोडे याच जातीचे निघाले. पानाच्या मांडणीत काही बदलले की पानातल्या प्रोग्रॅमला हाक मारायची, अशी एक फार जुनी सोय ब्राउझरांत होती. तिला म्युटेशन इव्हेंट्स म्हणत. ती पान मंदावते म्हणून ती वापरू नका असे संकेतस्थळे बनवणाऱ्यांना दहा वर्षांहून अधिक काळ सांगितले जात होते. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या १२७ व्या आवृत्तीत क्रोमियमने ती काढून टाकली, आणि क्रोम, एज, ब्रेव्ह तिन्ही ओळीने १२७ वर गेले. फायरफॉक्समध्ये ती तेव्हा शाबूत होती. जिल्हा बदलल्याची हाक ज्या संकेतस्थळाने त्या जुन्या सोयीवर सोडली होती, तेथे तालुके झोपूनच राहिले. यात क्रोमियमची चूक होती असे मला वाटत नाही. पूर्वसूचना भरपूर होती. चूक एवढीच की संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने ती ऐकली नाही, आणि दंड मात्र बंदी उठायची वाट पाहणाऱ्या माणसाने भरला.

सुरक्षिततेचा हिशेब दुहेरी आहे. एकाच साच्यावर शेकडो तज्ज्ञांचे डोळे असतात, आणि एकाने बुजवलेले भोक सर्वांसाठी बुजते, हा मोठाच लाभ. पण दुरुस्तीचा कोड उघड्यावर येतो आणि तुमच्या ब्राउझरपर्यंत पोहोचतो यांत काही दिवस जातात, आणि भामटे ती दुरुस्ती वाचूनच भोक कोठे होते ते ओळखतात. हे अंतर कमी करण्यासाठी क्रोमने ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षिततेचे अपडेट दर आठवड्याला द्यायला सुरुवात केली. साच्यावरचा एखादा लहान ब्राउझर तोच अपडेट उशिरा देत असेल, तर तेवढे दिवस त्याच्या वापरकर्त्याचे दार सताड उघडे आणि चोराकडे नकाशा, अशी स्थिती असते. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या लिबवेबपी या घटकात गंभीर दोष सापडला, तेव्हा क्रोम, एज, ब्रेव्ह यांच्यासोबत फायरफॉक्सलाही घाईने दुरुस्ती द्यावी लागली. हार्फबझसारखाच तो एका दुकानातला खिळा होता. वेगळे इंजिन घेतल्याने प्रत्येक धोका टळतो असे नाही.

स्वदेशी ब्राउझरची चर्चा आपल्याकडे अधूनमधून होते, तीही या प्रकाशात पाहावी. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये ३.४१ कोटी रुपयांची भारतीय ब्राउझरची स्पर्धा जाहीर केली आणि मार्च २०२५ मध्ये झोहो कंपनी तिची विजेती ठरली. झोहोचा उला हा ब्राउझरही क्रोमियमवरच आहे. त्याआधी बेंगळुरूहून निघालेला एपिक २०१० साली फायरफॉक्सच्या कोडवर होता, तो २०१३ मध्ये क्रोमियमवर गेला. याला फसवणूक म्हणणे मला योग्य वाटत नाही. तुमची माहिती कोणाकडे जाते, कोणत्या प्रमाणपत्रावर विश्वास ठेवायचा, काय जमा करायचे नाही, हे सारे वरच्या भागात ठरते, आणि तो भाग देशी असणे अर्थपूर्ण आहे. फक्त 'आपले इंजिन' हा शब्द तेथे वापरू नये.

फोनवर तर साचा आणखी खोल गेलेला आहे. अँड्रॉइडवर एखाद्या ॲपच्या आतच वेबपान उघडते ते वेबव्ह्यू नावाच्या घटकामुळे, आणि २०१३ च्या किटकॅट आवृत्तीपासून तो क्रोमियमचाच आहे. आयफोनवर उलटा कायदा आहे. तेथे ॲपलने सर्वांना वेबकिटच वापरायला लावले, त्यामुळे आयफोनवरचे क्रोम आतून सफारीचे भावंड आहे. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथल्या देशांत सवलत मिळाली. म्हणजे आज गेको आणि वेबकिट टिकून आहेत ते काहीसे योगायोगाने : वेबकिट ॲपलच्या हट्टामुळे, आणि गेको बनवणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा भाग फायरफॉक्समध्ये गुगलचा शोध आधीपासून लावून ठेवण्यापोटी गुगलकडूनच येतो. कोऱ्या पाटीवरून नवे इंजिन लिहिणारेही आहेत. मोझिलात जन्मलेले आणि २०२० पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली असलेले सर्वो, आणि लेडीबर्ड. पण त्यांना रोजच्या वापरासाठी अजून वेळ आहे.

तुमच्या ब्राउझरचा तळ ओळखायचा असेल तर त्याच्या मेनूत 'बद्दल' अशा अर्थाचे पान उघडावे. ब्रेव्हमध्ये त्याच्या स्वतःच्या क्रमांकाशेजारी क्रोमियमचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि एजचा पहिला आकडा क्रोमियमच्याच आकड्याशी जुळतो. क्रोमचा आकडा पुढे गेला आणि तुमच्या ब्राउझरचा आठवडाभर मागेच राहिला, तर तो बनवणारे सुस्त आहेत असे समजून दुसरा शोधावा. ब्राउझर निवडताना मी रंगरूपाआधी हेच पाहतो.

भाच्याने केंद्रातल्या दोन्ही संगणकांवर आता फायरफॉक्स टाकले आहे आणि ब्रेव्ह काढले आहे, कारण क्रोम असताना अडचणीच्या वेळी ब्रेव्हने वेगळे काही सांगितलेच नसते. अर्ज अडला की तो आधी इंजिन बदलून पाहतो, मगच सायट बंद आसा म्हणतो. तांडेल परवा पुन्हा आले होते, या वेळी नातवाच्या दाखल्यासाठी, बसता बसता त्यांनी विचारले, "तो कोल्ह्याचो आसा मां? तोच उघड."